हौद्यातली माती

बिदरहून औरादच्या रस्त्याला लागलं की पठारावरची तांबडी जमीन मागे पडते आणि मांजरेच्या खोऱ्यातली काळी रानं सुरू होतात. जनवाडा हे त्या काळ्या रानातलं गाव. या मातीत तूर पिकते, सोयाबीन पिकतं, ऊस उभा राहतो. कुस्तीला मात्र ती चालत नाही. ओली झाली की अंगाला चिकटते आणि वाळली की भेगाळते. म्हणून गावच्या तालमीतला हौदा भरायला तांबडी माती पठारावरून आणावी लागे. ती चाळायची, खडे वेचायचे, मग तीत ताक, लिंबू, हळद, तेल आणि कापूर घालून ती मुरवायची. एवढं करून ती रोज उकरावी लागे, तो भाग वेगळाच.

त्या तालमीत घडलेले एक जुने पैलवान गावात होते. सगळे त्यांना आबा म्हणत. पोरं कामाधंद्याला पुण्या-हैदराबादला गेली, तालीम बंद पडली, तिथे सोयाबीनची पोती रचली गेली आणि आबांची मेहनत सुटली. खुराक मात्र सुटला नाही. जोर-बैठका काढून अंग निथळणाऱ्याला दूध, तूप, बदाम पचतात. मेहनत थांबली आणि ताट तेच राहिलं की ते अंगावर चढतं. पैलवानकी सोडलेल्या कितीतरी माणसांची ही व्यथा आहे. त्यांच्या जुन्या कुस्त्यांबद्दल लोक भरभरून बोलतात, त्यांच्या साठीनंतरच्या गुडघ्यांबद्दल कोणी विचारत नाही. आबांना चार पायऱ्या चढल्या की धाप लागू लागली. बिदरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर साखर निघाली.

डॉक्टरांनी नीट समजावलं. स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर ओढून घेतात. वय वाढताना स्नायू झिजतात, म्हणून त्यांना काम द्यायचंच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं अंग हलवायला सांगते, तेवढं तरी चाला. आबांनी मान डोलावली. मुलानं पुण्याहून बूट पाठवले. आबा थोडे दिवस औराद रस्त्यानं चालले आणि थांबले.

"माणूस कुठंतरी जायला चालतो," ते बायकोला म्हणाले, "उगाच जाऊन परत कामून यायचं?"

दिवाळीला आलेल्या पुतण्यानं मोबाइलवर 'चंदू चॅम्पियन' लावून दिला. सिनेमा इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांवरचा. सैन्यातले मुष्टियोद्धे, 1965च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, पाय निकामी झाले. त्याच माणसानं 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं, भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण. आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. उद्यापासून पहाटे उठायचंच, असं ते मनापासून म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आल्यावर त्यांना जाग आली. त्या दिवशी ते कोणाशी फार बोलले नाहीत. मन भरून आलं होतं, तरी अंग उठलं नव्हतं. हे दुःख ज्यानं सोसलं आहे त्यालाच कळेल.

शेजारच्या घरात आठवीतली एक मुलगी होती. 2023 साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली, तेव्हापासून हिच्या डोक्यात कुस्ती शिरली होती. एका सकाळी तालमीचं दार उघडं दिसलं म्हणून आबा आत डोकावले. पोती एका बाजूला सरकवलेली, आणि ही हौद्यात बसून खुरप्यानं खरवडत होती. इतक्या वर्षांत माती फरशीसारखी घट्ट झाली होती.

"काय करायलीस गं?"

"माती उकरायले, आबा. हिच्यावर पडलं तर हाड मोडंल."

"खुरप्यानं हौदा उकरत नसतेत, पोरी."

आबा घरी गेले आणि फावडं घेऊन आले. हातभर रुंदीची एक पट्टी उकरली असेल नसेल, छाती भात्यासारखी हलू लागली आणि ते भिंतीला टेकून बसले. पोरीनं पाणी दिलं. मग तिनं सहज विचारलं, "उद्या इथनं पुढं?"

दुसऱ्या दिवशी आबांचं अंग ठणकत होतं. उठायची इच्छा तर नावालाही नव्हती. पण पोरगी तिथे जाऊन बसली असेल आणि परत खुरपं चालवत असेल, हे त्यांना पडल्या पडल्या दिसत होतं. ते उठले. कालची पट्टी पुन्हा खालवर केली, शेजारी नवी धरली. मग डॉक्टरांना विचारून आले. डॉक्टर म्हणाले, करा, पण थोडं खाऊन जा, छातीत दुखलं किंवा गरगरलं तर तिथंच थांबा, आणि गोळ्या मनानं बंद करू नका. आबांनी ते सगळं पाळलं. तुपाची वाटी बायकोनं निम्मी केली, तेव्हाही ते काही बोलले नाहीत.

पूर्वी वस्ताद नव्या पोराला महिनोन्‌महिने नुसता हौदा उकरायला लावत. पोरांना तो जाच वाटे. खांदे, कंबर, मांड्या, पंजे, सगळं त्या फावड्यात तयार होत असे. डाव नंतर यायचे. आबांनीही तसंच केलं होतं, पण तेव्हा ते तरुण होते आणि अंग कसं तयार होतं हे कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी पुतण्याला फोन लावला. "ते पेटकर पाण्यात पहिल्यांदा कशाला उतरले रे? पदकासाठी?"

"तेव्हा कुठलं पदक, आबा. गोळ्या लागल्यावर उपचार म्हणून पोहायला लावलं त्यांना."

"सिनेमा बगताना मी पदकच बगत बसलो," आबा म्हणाले.

मध्ये लग्नसराई आली, मग ताप. आठ-दहा दिवस खाडा पडला आणि जुना आळस पुन्हा अंगात मुरला. आबा तालमीत गेले तेव्हा पोरीनं तिला झेपेल तेवढा कोपरा राखला होता, बाकीची माती आवळून आली होती. तिनं तक्रार केली नाही. आबांनी त्या आवळलेल्या बाजूनंच सुरुवात केली, त्या दिवशी दोनच पट्ट्या झाल्या.

पुढच्या तपासणीत साखर उतरली होती. वजन थोडंच कमी झालं होतं, पण आबा आता हौद्याच्या काठावरून हात न टेकता खाली उतरत. शड्डू कसा ठोकायचा, पट काढताना डोकं कुठे ठेवायचं, हे ते पोरीला स्वतः मातीत उभे राहून दाखवत. तिच्या वर्गातल्या आणखी दोघी यायला लागल्या, आणि त्यांच्यामागे एकीचा धाकटा भाऊ. चौघांना हौदा अपुरा पडू लागला. आबांनी पोती धन्याला न्यायला लावली, भिंतीपर्यंतची जागा मोकळी केली आणि बिदरकडे निघालेल्या ट्रॅक्टरवाल्याला चौकात अडवलं.

"येताना एक ट्रॉली तांबडी माती टाक," ते म्हणाले. "आणि चाळून आणू नको. चाळायचं काम आम्ही करतो."