उसन्या कलेचे वारस

आषाढांतील एका शुक्रवारीं आम्ही लोणावळ्यास एका स्नेह्यांच्या बंगल्यांत उतरलों होतों. पाऊस असा लागला होता कीं, फिरावयास जाण्याचा मुलांचा हट्ट बाजूस ठेवून सर्वांस घरांतच बसणें भाग पडलें. शेजारच्या मोठ्या बंगल्यांत मुंबईहून तीसएक मुलामुलींचें शिबिर आलें होतें. मुलें बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी समाजाचीं. आपले सण, हिब्रू अक्षरें, गाणीं, नृत्यें, चित्रें असें कांहीं शिकण्यासाठीं तीन दिवस आलेलीं. त्यांच्याबरोबर स्वयंपाकाची देखरेख करण्यास एक वृद्ध बाई होत्या. कुंपणापलीकडून झालेल्या चौकशींतून त्यांची व आमच्या घरच्या मंडळींची ओळख झाली, आणि "संध्याकाळीं या, दिवे लागायच्या आधीं या," असें त्यांनीं आम्हां सर्वांस आमंत्रणच दिलें.

शब्बाथचे दिवे लागले. द्राक्षासवाच्या ऐवजीं काळ्या मनुका भिजवून केलेल्या शरबतावर आशीर्वाद म्हटला गेला. नंतर मुलांनीं टाळ्यांच्या ठेक्यावर हिब्रू गाणीं म्हटलीं, तीं फार गोड म्हटलीं. मग कोणीसें म्हणालें, "आजी, तुमचें एक होऊं द्या." आजींनीं डोळे मिटले आणि योसेफाच्या कथेंतील एक पद सुरू केलें. चाल ऐकतांच आम्ही दचकलों. ती साकी होती. लहानपणीं रामाच्या देवळांत हरदासांच्या तोंडून जी ऐकली, तीच. भावांनीं विहिरींत टाकलेल्या त्या पोराचें दुःख कोंकणी वळणाच्या मराठींत आमच्या कानांवर येत होतें. दोन चरण झाले असतील नसतील, तोंच एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, अगदीं सरळपणें, म्हणाला, "आजी, पण हें तिकडे कोणाला कळणार?" त्याचें कुटुंब पुढील वर्षीं इस्राएलास जाणार होतें. आजी थांबल्या. "बरं बाबा, जेवायला बसा आतां," एवढेंच म्हणाल्या.

मुलाच्या बोलण्यांत उद्धटपणा मुळींच नव्हता, म्हणूनच तो प्रश्न आमच्या मनांतून जाईना. ज्या मुलास उद्यां येथें राहावयाचें नाहीं, त्यास येथील कला शिकवावी काय? शिकविली तर ती कोणासाठीं? त्याच्यासाठीं, आजीसाठीं, कीं ती कला मरूं नये म्हणून त्या कलेसाठीं?

ज्या कलेविषयीं हा प्रश्न आहे ती कोठून आली, हें आधीं पाहिलें पाहिजे. या समाजाची परंपरागत कथा अशी कीं, त्यांचे पूर्वज अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले. सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या. ग्रंथ समुद्रांत गेले. पुढें कुलाबा जिल्ह्यांतील गांवोगांवीं ते तेलाचा घाणा चालवीत, शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. केहीमचे ते केहिमकर, दिव्याचे दिवेकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर. आडनांवें सारीं आपलीं. धर्म उरला तो एका प्रार्थनेंत, सुंतेंत, शनिवारांत आणि स्वयंपाकघरांत. कोणता मासा खावा व कोणता वर्ज्य, हें बायकांस ठाऊक होतें, आणि त्यावरूनच दूरदेशींच्या एका धर्मबंधूनें त्यांस ओळखलें, असें ते सांगतात. दंतकथा असेल, परंतु शिक्षण म्हणजे शाळा असें मानणाऱ्या आम्हां लोकांनीं ती दोनदां ऐकावी अशी आहे. शेंकडों वर्षें ज्या समाजापाशीं ना पोथी, ना पंडित, त्याचें समाजकेंद्र चुलीपुढें होतें.

पुढें मुंबईंत दिवस पालटले. १७९६ सालीं सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनीं पहिलें सिनॅगॉग बांधलें. हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींतून शिकावयाची सोय झाली ती १८३२ सालीं, आणि ती केली डॉ. जॉन विल्सन या ख्रिस्ती मिशनऱ्यानें. त्याचा हेतु उघड होता. या लोकांनीं त्याचें व्याकरण घेतलें, त्याचा धर्म मात्र घेतला नाहीं, आणि त्या व्याकरणाच्या आधारें आपलीच प्रार्थना पुन्हा वाचूं लागले. १८७४ सालीं पुण्यास वल्हांडणाच्या विधीचें पुस्तक मराठी अर्थासह शिळाछापावर निघालें. त्याच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडीं नेसून बसल्या आहेत. १८७५ सालीं हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं मुंबईंत समाजाच्या मुलांसाठीं शाळा काढली. हीच पुढें सर एली कदूरी यांच्या नांवानें प्रसिद्ध झाली. आणि १८८० च्या सुमारास कोणा रसिक तरुणांच्या मनांत आलें कीं, हरदास ज्याप्रमाणें ध्रुवाचें, प्रल्हादाचें आख्यान लावतात, त्याप्रमाणें आपण अब्राहामाचें, योसेफाचें, मोशेचें कां लावूं नये? साकी, दिंडी, ओंवी, अभंग सारें घेतलें, पूर्वरंग-उत्तररंगाचा सांचा घेतला, आणि त्यांत आपली कथा ओतली. सिनॅगॉगच्या नित्य उपासनेंत त्यास जागा नव्हती. पण घरीं, सभेंत, सणासमारंभांत या कीर्तनांनीं दोन-तीन पिढ्यांस आपलें धर्मशास्त्र शिकविलें. हिब्रू न येणाऱ्या बाईस मोशे कोण हें कळलें तें कीर्तनांतून.

तेव्हां ही कला उसनी आहे, यांत शंका नाहीं. परंतु उसनी वस्तु आणि उसनी कला यांत भेद आहे. शेजाऱ्याकडून पायली भात आणला, तर त्याच्या कणगींतला तेवढा कमी होतो. कीर्तन आणलें तर हरदासाचें कांहींच कमी झालें नाहीं. उलट एक नवा विषय त्या रूपास मिळाला. नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती भक्तीसाठीं हेंच केलें, त्याबद्दल मराठी वाचक त्यांस आपला कवि मानतात. बेने इस्राएलांच्या आख्यानांस मात्र आमच्या वाङ्मयाच्या ओसरीवर कोणी बसावयास पाट दिला नाहीं. आम्ही स्वतःस बहुश्रुत समजतों. तरी त्या शुक्रवारपर्यंत योसेफाची साकी आमच्या कानीं पडली नव्हती, हें सांगतांना संकोच वाटतो.

त्या रात्रीं आमच्या मनांत प्रथम जो विचार आला तो असा: या मुलांस कोठलीं नवीं हिब्रू गाणीं आणि फेर धरून करावयाचीं नृत्यें शिकविण्यापेक्षां हें मराठी कीर्तन कां शिकवीत नाहींत? हें त्यांचें खरें धन. तें टाकून दूरचें कां आणावें? विचार मोठा उदात्त दिसला. परंतु सकाळीं त्याकडे पुन्हा पाहिलें तेव्हां त्यांतला स्वार्थ दिसूं लागला. त्यांनीं मराठी राहावें हें आम्हांस सुखावतें, कारण त्यांत मराठीचा मोठेपणा आहे. एका लहानशा समाजानें आमच्या अभिमानाचें संग्रहालय होऊन राहावें, आम्ही वर्षांतून एकदां तें पाहून यावें, आणि त्याची झाडलोट मात्र त्यांनीं करावी, असा हा व्यवहार झाला.

त्यांची अडचण काय आहे, तेंहि पाहिलें पाहिजे. १९५० च्या सुमारास हा समाज हिंदुस्थानांत वीस हजारांच्या आसपास होता. आज येथें सारे यहुदी मिळून चार-पांच हजारांच्या आंतबाहेर असतील, आणि इस्राएलांत त्यांची संतति त्याहून अनेक पटींनीं अधिक आहे. तिकडे गेलेल्यांचें स्वागत पुष्पमाळांनींच झालें असें नाहीं. विवाहाच्या प्रश्नावरून तेथील धर्माधिकाऱ्यांनीं यांच्या यहुदीपणाविषयींच शंका काढली. निदर्शनें झालीं, आणि १९६४ च्या ऑगस्टांत तेथील संसदेस ठराव करून हे पूर्ण यहुदी आहेत असें म्हणावें लागलें. ज्यांच्या आजोबांस "तुम्ही खरे आमच्यांतले काय?" असें विचारलें गेलें, त्यांनीं नातवास आधीं हिब्रू यावें असें म्हटलें, तर त्यांस कोणत्या तोंडानें दोष द्यावा? येथील समाजकेंद्रांत आज जे वर्ग चालतात, सण साजरे होतात, मुलांस गाणीं शिकवितात, त्या सर्वांच्या मुळाशीं ही भीति थोडीबहुत आहेच. थोडक्या संख्येंत एकमेकांचीं तोंडें दिसावीं, विवाह जमावे, म्हाताऱ्यांनीं एकटें राहूं नये, हेंहि त्या केंद्रांचें काम. कला हें तेथें पुष्कळदां निमित्त असतें. तें निमित्त आहे म्हणून हलकें नव्हे. भजनी मंडळ तरी आपल्या गांवांत आणखी कशासाठीं जमतें?

आणि आमचें तरी काय? १९३२ सालीं लंडनांत महाराष्ट्र मंडळ निघालें. तेव्हांपासून परदेशीं जेथें जेथें मराठी माणूस गेला तेथें गणपति बसला, लेझीम गेलें, नाटकें गेलीं. तेथें जन्मलेलें आमचें नातवंड आरती पाठ म्हणतें, अर्थ त्यास कळत नाहीं, आणि आम्ही कृतार्थ होतों. त्यानें उद्यां विचारलें, "हें येथें कोणाला कळणार?" तर आम्ही काय सांगूं? बेने इस्राएलांचा प्रश्न आम्हांस परका वाटतो याचें कारण एवढेंच कीं, आम्ही त्यांत यजमानाच्या बाजूस बसलों आहों. दुसऱ्या बाजूस बसण्याची पाळी आमच्यावर येऊन बराच काळ लोटला.

शनिवारीं पाऊस थोडा उघडला तेव्हां आम्ही मुलांस घेऊन कार्ल्यास गेलों. तेथील चैत्याच्या खांबांवर यवन दात्यांचे लेख आहेत. ते मूळचे कोठले, याविषयीं पंडितांत वाद आहेत. पण धेनुकाकट गांवीं राहणाऱ्या त्या यवनांनीं खांब दिले आणि दान लिहिलें तें येथल्या प्राकृतांत, येथल्या ब्राह्मींत. त्यांची आई त्यांस निजवितांना काय गात होती, हें त्या खांबांस ठाऊक नाहीं. परक्या मुलखांत मिसळून गेलेल्यांचें हें एक टोंक झालें. मोठें सुंदर टोंक आहे, पण त्या दगडापुढें उभें राहून आम्हांस प्रथमच जाणवलें कीं, तेथें कांहीं हरवलेलें आहे.

आमचें मत आतां सांगतों. वाचकांस तें पटेलच असें नाहीं. मुलास कला शिकवावयाची ती त्यास ती कोठें उपयोगीं पडेल हें पाहून नव्हे. उपयोगाचा हिशेब मांडला तर निम्मी शाळा बंद करावी लागेल. आणि कला मरूं नये म्हणूनहि नव्हे. मुलें म्हणजे कांहीं कलेचे पहारेकरी नव्हत. ज्या आवाजांनीं त्याचें घर बनलें ते त्यास निदान एकदां ऐकूं द्यावे; मग ते ठेवावयाचे कीं टाकावयाचे, हें त्यानें ठरवावें. जें कधीं हातींच दिलें नाहीं तें टाकण्याचें स्वातंत्र्यहि त्यास मिळत नाहीं. यासाठीं हिब्रू गाणें काढून मराठी घालण्याचें कारण नाहीं. दोन्ही शिकूं द्यावीं. त्या मुलाचें म्हणणें वस्तुतःहि पुरतें खरें नव्हतें. इस्राएलांत "मायबोली" नांवाचें मराठी नियतकालिक निघालें, तेथील वृद्ध स्त्रिया एकत्र जमून हींच गाणीं म्हणतात. कळणारे आहेत, मात्र ते त्याच्या वयाचे नाहींत.

उरला आमचा वांटा. कीर्तनाचें रूप ज्यांच्याकडून गेलें, त्यांच्यावर त्या आख्यानांची कांहीं जबाबदारी आहे कीं नाहीं? आमच्या समजुतीप्रमाणें अर्धी आहे. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें यहुदी समाजास अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. तें योग्यच झालें. पण सरकारी मान्यतेनें साकी टिकत नाहीं. ज्या संस्थांत आज कीर्तन शिकवितात, तेथें ध्रुवाख्यानाशेजारीं एक योसेफाख्यान बसविण्यास कोणता धर्म आड येतो? विद्यार्थ्यांस तें म्हणतां येईल, आणि कोणा बेने इस्राएल आजींस शिकविण्यास बोलावतां येईल. त्यांचीं नातवंडें दूर गेलीं तरी शेजाऱ्यांचीं येथेंच आहेत. यांत आम्ही उपकार करीत नाहीं, आपलेंच एक हरवलेलें पान शोधतों, असें समजून हें करावें. नाहीं तर पुन्हा तोच संग्रहालयाचा खेळ.

शब्बाथला लिहावयाचें नसतें, म्हणून रविवारीं सकाळीं आजींनीं त्या मुलास व्हरांड्यांत बोलावलें. रागावल्या नव्हत्या. "कळूं दे न कळूं दे, लिहून तर ने," म्हणाल्या. तो वही घेऊन बसला व इंग्रजी अक्षरांत लिहूं लागला. आजींनीं हात धरला: "मराठींत लिही." त्याला तें नीट येत नव्हतें. आमची दहा वर्षांची पुतणी तेथेंच घुटमळत होती. तिला मदतीस बसविलें. तिचीहि शाळा इंग्रजी. ऱ्हस्व-दीर्घाचा दोघांनीं मिळून असा घोळ घातला कीं, पहिलें पान फाडावें लागलें. दुसऱ्या पानावर "डोळां" हा शब्द आला. 'ळ' कसा काढावा यावर त्यांचा बराच वेळ वाद चालला, आणि आजी पुढचा चरण ओठांत धरून थांबून राहिल्या होत्या.