ऐकीव गप्पा पुरे

बसा खाली. मोबाइल खिशात ठेवा. ‘वाळूवाल्यांनी मंत्रालय खिशात घातलंय’, मघापासून हेच ऐकतोय. प्रवरेकाठची माणसं तुम्ही, नदीत पोकलेन उतरताना डोळ्यांनी बघता, आणि वाळूचं धोरण एकानं तरी वाचलंय? हात वर करा. बघा, एकही नाही.

मग आता ऐका. वाळू हे गौण खनिज. 1957 च्या खाण कायद्याच्या कलम 15 नं तिचे नियम करायचा अधिकार राज्याला दिलाय, म्हणजे ज्याला काही हवंय त्याला मुंबई पुरते. एप्रिल 2023 मध्ये तेव्हाचे महसूलमंत्री, आपल्याच लोणीचे राधाकृष्ण विखे पाटील, यांनी नवं धोरण आणलं: वाळू सरकारी डेपोत, 600 रुपये ब्रास. पहिला डेपो 1 मे रोजी आपल्या जिल्ह्यातच उघडला, श्रीरामपूर तालुक्यात नायगावला. एप्रिल 2025 मध्ये पुन्हा नवं धोरण. डेपो गेले, लिलाव आले. घर तर तुम्हीही बांधलंत त्या दोन वर्षांत. सहाशेची वाळू दारात कितीला पडली? पावती मागितलीत? माना खाली घालू नका, उत्तर द्या.

ठेकेदार मुंबईला खेटे घालतो म्हणून नाकं मुरडता. तो घालणारच, त्याचा पैसा अडकलाय. गोव्याचे खाणमालक तर थेट दिल्ली गाठतात. मे 2022 मध्ये केंद्रानं लोहखनिजावर 50 टक्के निर्यात कर लावला. गोव्याच्या हलक्या मालावर तोवर काहीच नव्हता. खाणवाले, पोलादवाले मागे लागले आणि नोव्हेंबरात तो माल पुन्हा करमुक्त. सहा महिने लागले, बस. आणि तुमचा कांदा? डिसेंबर 2023 ची निर्यातबंदी उठली 4 मे 2024 ला, नगरचं मतदान नऊ दिवसांवर आल्यावर. तीही 40 टक्के कर मानेवर ठेवून! तेव्हा तुम्ही कुठल्या नेत्याच्या गाडीमागे घोषणा देत होता, मला सगळं ठाऊक आहे.

नदीतली वाळू गेली, विहिरी आटल्या म्हणून माझ्याकडे रडायला येऊ नका. 15 ऑगस्टला ग्रामसभा आहे. वाळूपट्ट्याचा विषय आधी लेखी द्या, सह्यांसकट. सरपंच ‘सर्वानुमते’ म्हणून पुढं सरकला तर उभं राहून विरोध नोंदवायला लावा, आणि तो इतिवृत्तात उतरला का, ते वाचल्याशिवाय सही करू नका. आणि तू रे, मागच्या बाकावरचा, ठेकेदाराच्या जेवणावळीला सगळ्यात आधी पोहोचतोस ना? अर्ज तू लिही. शुद्धलेखन मी तपासीन.