भूत गेलं, पुढे काय?

सुटकेच्या प्रार्थनेत काही ठिकाणी भुताची उलटतपासणीच चालते. नाव काय, किती जण आहात, कधी शिरलात. आधार म्हणून मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय दाखवतात: गरसेकरांच्या देशातल्या भूतग्रस्ताला येशूनेही नाव विचारलं होतं. खरं आहे. पण शुभवर्तमानांत असा प्रश्न त्या एकाच प्रसंगात येतो. कफर्णहूमच्या सभास्थानात अशुद्ध आत्मा आपणहून बोलू लागतो (आणि बोलतो तेही खरंच!), तर येशू त्याला गप्प करून बाहेर घालवतो. एका प्रश्नावर अख्खी पद्धत उभारणं मला पटत नाही.

त्या पाचव्या अध्यायात बेड्या-साखळ्या घातल्या होत्या त्या लोकांनी. येशूने हात उगारल्याचा कुठे उल्लेख नाही. बोभाटा होतो दोन हजार डुकरांचा. मार्क मात्र आवर्जून सांगतो, की तो माणूस कपडे घालून, भानावर येऊन बसला होता. त्याला येशूबरोबर जायचं होतं. येशूने त्याला घरी, त्याच्या माणसांत धाडलं.

जर्मनीतल्या क्लिंगेनबर्गची ॲनेलीजे मिशेल घरीच होती. फेफऱ्याचं निदान झालेलं. बिशपांच्या परवानगीने दोन फादरांनी तिच्यावर ६७ वेळा भूत काढण्याचा विधी केला. १ जुलै १९७६ रोजी, २३ व्या वर्षी, ती उपासमारीने गेली. १९७८ मध्ये न्यायालयाने आईवडिलांना आणि दोन्ही फादरांना दोषी ठरवलं. मत्तय चौथ्या अध्यायात भूतग्रस्त आणि फेफरेकरी वेगवेगळे मोजतो, हे कुणाला आठवलं नसेल का? कॅथलिक चर्चने १६१४ चा विधी सुधारून १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आजाराला भूतबाधा समजू नये, जाणकारांना विचारावं, असं बजावलं आहे.

जर्मनीतच, म्योटलिंगेन गावी, योहान ब्लुमहार्ट नावाचे प्रॉटेस्टंट पाळक १८४२-४३ मध्ये गोटलीबिन डिट्टुस या तरुणीसाठी प्रार्थना करत राहिले. तिच्याकडे ते एकटे जात नसत. गावचा मुखिया सोबत असे. तिला नेमकं काय झालं होतं, यावर अजून वाद घालता येईल. पण बरी झाल्यावर ती ब्लुमहार्टांच्याच घरात राहिली, मुलाबाळांचं पाहू लागली. १८५२ मध्ये ते कुटुंब ‘बाड बोल’ इथे गेलं, तेव्हा तीही बरोबर गेली.