पिंडदान सोडले, आता सेवा धरा



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला आपल्या लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली व बावीस प्रतिज्ञा दिल्या. वर्धा जिल्हा नागपूरला लागून. आपल्या खेड्यापाड्यांतील माणसे पायी, बैलगाडीने, रेल्वेने त्या सोहळ्याला गेली. त्या दिवशी जी पंधरा-वीस वर्षांची होती, ती आज ऐंशी ओलांडून गेली आहेत. ज्यांच्या पायांनी आपल्याला धम्मापर्यंत आणले, ते पाय आता थकले आहेत. अशा माणसांविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत. ज्या कुटुंबांनी अलीकडे दीक्षा घेतली, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

बावीस प्रतिज्ञांमध्ये एक प्रतिज्ञा श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची आहे. ही प्रतिज्ञा आपण मोठ्या आवाजात म्हणतो. पण तिचा अर्थ किती जणांनी मनात उतरविला? जुन्या धर्मात बापाचे ऋण फेडण्याची एक सोय होती. जिवंतपणी बापाला पाणी विचारले नाही तरी चालत असे. तो मेल्यावर कावळ्याला पिंड ठेवला, भटाला दक्षिणा दिली, की मुलगा मोकळा. बाबासाहेबांनी ती सोय बंद केली. मेल्यानंतर ऋण फेडण्याचा मार्गच आता आपल्याजवळ नाही. मग जे काही करावयाचे, ते माय-बाप श्वास घेत आहेत तोवरच केले पाहिजे. पिंडदान सोडणाऱ्याने जिवंत माणसाच्या तोंडी घास दिला नाही, तर त्याने प्रतिज्ञेचा अर्धाच भाग पाळला असे म्हणावे लागेल.

आज काय दिसते? म्हातारी गेल्यावर चौकात तिचा मोठा फोटो लागतो, पुण्यानुमोदनाला मंडप पडतो, शेकडो माणसे जेवून जातात. आणि तीच म्हातारी हयात असताना तिच्या बाजेवर धड गादी नव्हती, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. हे नाव बदललेले श्राद्धच नव्हे काय?

तथागतांनी या बाबतीत काय सांगितले ते पाहा. सिगाल नावाचा एक तरुण सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करीत होता. बापाने मरताना सांगितले म्हणून तो करीत होता; का करतो हे त्याला ठाऊक नव्हते. भगवंतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आई-वडील. त्यांनी माझे पालनपोषण केले, आता मी त्यांचे पालनपोषण करीन, हाच पूर्व दिशेचा नमस्कार. सहा दिशांमध्ये पहिली दिशा माय-बापांची ठेवली आहे, हे विसरू नका.

आता दुसरे सुत्त ऐका. श्रावस्तीला अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने भिक्षेसाठी येणाऱ्या भगवंतांना दुरूनच हटकले आणि वसल म्हणून हिणवले. वसल म्हणजे नीच, हलका माणूस. भगवंत रागावले नाहीत. वसल कोणाला म्हणतात हे तुला कळते काय, असे त्यांनी विचारले आणि स्वतःच उत्तर दिले. जन्माने कोणी वसल होत नाही, कर्माने होतो. हे सुत्त आपल्याला प्रिय आहे, कारण त्यात जातीच्या मुळावर घाव आहे. परंतु त्याच सुत्तात कोणत्या कर्मांनी माणूस वसल होतो त्याची यादीही आहे. त्या यादीत, ऐपत असूनही जो आपल्या वृद्ध माता-पित्यांचा सांभाळ करीत नाही, त्यालाही भगवंतांनी वसल म्हटले आहे. बंधूंनो, जन्माचा कलंक आपण नाकारला तो याच सुत्ताच्या बळावर. मग कर्माचा कलंक त्याच सुत्तातून आपल्या कपाळी येऊ देणार काय?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले. त्यांना वरून पाणी वाढले, त्यांचे भांडे वेगळे, त्यांची सावलीही नको. आज काही घरांत म्हाताऱ्या आजारी माणसाची बाज सपरीच्या कोपऱ्यात किंवा गोठ्याजवळ जाते. त्याचे ताट वेगळे, त्याचा गडवा वेगळा, नातवंडांना सांगितले जाते, जवळ जाऊ नको, वास येतो. क्षयासारखा संसर्गजन्य रोग असेल, तर डॉक्टर सांगतील तितकी काळजी जरूर घ्यावी. पण रोग नसताना, केवळ म्हातारपणाची किळस वाटते म्हणून माणूस वेगळा काढणे ही घरातली अस्पृश्यता होय. जिच्याविरुद्ध बाबासाहेब आयुष्यभर लढले, ती आपल्याच सपरीत पाळली जावी यासारखी लाज नाही.

कोणी म्हणतात, मागल्या जन्मीचे पाप भोगतो आहे. ही भाषा आपली नव्हे. म्हातारपण हा निसर्गाचा नियम आहे. स्वतः भगवंतही म्हातारे झाले. श्रावस्तीच्या पूर्वारामात ते मावळतीच्या उन्हात पाठ शेकत बसले होते. आनंद त्यांचे हातपाय चोळता चोळता म्हणाले, कातडी सुरकुतली, शरीर पुढे वाकले. भगवंतांनी ते नाकारले नाही. ऐंशीव्या वर्षी त्यांनी आपल्या शरीराला पट्ट्या बांधून चालविलेल्या जुन्या गाडीची उपमा दिली. सम्यक संबुद्धाचे शरीर थकले, तेथे आपल्या आजीचे पाप कोठून काढता?

आता सेवा कशी करावी? त्याचा धडा विनयपिटकात आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवंत आनंदांसह तेथे आले. कोणीच का पाहात नाही, असे विचारता तो म्हणाला, मी कोणाच्या उपयोगी पडलो नाही, म्हणून कोणी मला पाहात नाही. भगवंतांनी आनंदांना पाणी आणावयास सांगितले. भगवंतांनी पाणी घातले, आनंदांनी अंग धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला उचलून खाटेवर निजविले. मग संघाला बोलावून सांगितले की, येथे तुमची माता नाही, पिता नाही. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील? ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची करावी.

यातून दोन गोष्टी घ्या. पहिली, उपयोगी पडला तरच सेवा, हा हिशेब भगवंतांनी मानला नाही. दुसरी, मलमूत्र धुणारे ते दोन्ही हात पुरुषांचे होते. आपल्याकडे सासऱ्याची सेवा सुनेवर टाकून मुलगा पारावर बसतो, आणि सून थकून एक शब्द बोलली की तिलाच नावे ठेवतो. बाप तुमचा आहे. बापाला उचलणे, अंघोळ घालणे, रात्रीची पाळी करणे हे मुलाचे पहिले काम. लेकींनीही यावे, भावांनी दिवस वाटून घ्यावे. सेवा करणाऱ्यालाही झोप व विसावा लागतो.

त्याच प्रसंगी भगवंतांनी चांगल्या सेवकाचे पाच गुण सांगितले. ते आपल्या घरी लावून पाहू.

पहिला गुण, औषध देता आले पाहिजे. रक्तदाबाची व साखरेची गोळी बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये. दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्या व जुन्या चिठ्ठ्या पिशवीत घालून न्याव्यात. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज देऊ नयेत. त्याने म्हाताऱ्या माणसाच्या पोटाला व मूत्रपिंडाला इजा होते.

दुसरा गुण, काय सोसते व काय सोसत नाही हे कळले पाहिजे. दात नसतील तर भाकर वरणात कुस्करून द्या. डाळ, दूध, अंडे पोटात जाऊ द्या. निजवून भरवू नका. बसवून, लहान घासांनी भरवा व नंतर अर्धा तास बसू द्या, म्हणजे घास श्वासनलिकेत जाणार नाही. आपल्या वर्ध्याला वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून मागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी, ताक देत राहा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रोग असेल तर किती पाणी द्यावे हे डॉक्टरांना विचारा. अंग तापले, लघवी कमी झाली, माणूस बरळू लागला, तर वेळ न घालविता १०८ क्रमांकाची गाडी बोलवा. रात्री वाटेत दिवा ठेवा, न्हाणीचा ओटा कोरडा ठेवा. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की चालता माणूस अंथरुणाला खिळतो.

तिसरा गुण, सेवा मैत्रीने करावी, लोभाने नव्हे. सातबारावर नाव लागेपर्यंत दूध, आणि नंतर कोरडी भाकर. पगाराच्या तारखेला गोड बोलणे आणि एरवी अबोला, याला सेवा म्हणत नाहीत. निराधाराचे अनुदान किंवा निवृत्तिवेतन हे म्हाताऱ्याचे आहे. ते त्याच्या हाती द्या.

चौथा गुण, मल, मूत्र, थुंकी, वांती काढताना किळस येऊ नये. जो अंथरुणाला खिळला आहे त्याची कूस दर दोन तासांनी बदला. माकडहाड, खुबे, टाचा रोज उजेडात पाहा. कातडी लाल झाली की ती जखमेची सुरुवात समजा. तेथे चोळू नका, तेथला दाब काढा. ओले कापड लगेच बदला. ही जखम हाडापर्यंत जाते व जीव घेते. आणि ती बहुतेक वेळा टाळता येते.

किळस जिंकता येते, हे या जिल्ह्यानेच दाखविले आहे. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. ज्यांना घरच्यांनी टाकले होते, त्यांच्या जखमा तेथे धुतल्या गेल्या. १९५१ साली गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन वर्ध्याला स्थापन झाले व रोग्याच्या दारी जाऊन उपचार करू लागले. पुढे बहुविध औषधांचा नवा उपचार आला, तेव्हा १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत तो देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला त्यांत वर्धा होता. त्यांच्या विचारांशी आपला मतभेद असो. परक्याच्या जखमेला ते हात लावू शकले, तर आपल्याला जन्मदात्या मायची चादर का बदलता येऊ नये?

पाचवा गुण, योग्य वेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाचे मन प्रसन्न करावे. नकुलपिता नावाचा वृद्ध उपासक भगवंतांकडे आला, तेव्हा शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देऊ नको, हा उपदेश त्यांनी त्याला केला. जवळ बसा. छप्पन सालची हकीकत त्यांना विचारा, नातवंडांना ऐकू द्या. एखादी आजी तोच प्रश्न दहा वेळा विचारते, लेकाला ओळखत नाही. तो स्मृतिभ्रंशाचा रोग असतो. तिच्यावर चिडू नका, हसू नका. आणि काल चांगला असलेला माणूस आज एकाएकी बरळू लागला, तर लिंबू उतरवून टाकू नका, भगताकडे नेऊ नका. अंगातील ताप, जंतूंची लागण, पाण्याची कमतरता किंवा एखादे औषध हे त्याचे कारण असू शकते. त्याची जागा दवाखान्यात आहे.

वडीलधाऱ्यांनाही एक सांगणे. भगवंतांनी रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. पथ्य पाळावे, औषध घ्यावे, दुखणे लपवू नये. लेकराला खर्च नको म्हणून पोटातले दुखणे पोटातच ठेवणारी माय शेवटी लेकराला अधिक दुःखात टाकते.

एकट्या घराला हे भार पेलत नाहीत. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकात खेड्यांत आरोग्य विम्याची योजना चालविली, तेव्हा शेतकरी सुगीला ज्वारी देऊन तिच्यात भाग घेत. आपल्या विहारालाही हे जमेल. वस्तीतील वृद्धांची यादी करा. एक चाकाची खुर्ची, एक शौचाची खुर्ची विहारात ठेवा. लागेल त्याने न्यावी व परत आणावी. ज्याला कोणी नाही त्याच्याकडे तरुणांनी पाळीपाळीने जावे. आशाताईंना सोबत घ्या, मोतीबिंदू झालेल्यांना शस्त्रक्रियेसाठी न्या. मग आपल्या विहारातील भगवंतांची वंदना पूर्ण झाली असे समजता येईल.

२००७ च्या कायद्याने वृद्ध माय-बापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला आहे. त्यांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. छळ सोसणाऱ्या वृद्धाने हा हक्क वापरण्यास लाजू नये. पण बौद्धाच्या मायवर उपविभागीय अधिकाऱ्यापुढे उभे राहण्याची पाळी यावी काय, याचा विचार आपण करावयाचा आहे.

भगवंत म्हणाले की, एका खांद्यावर आई व दुसऱ्या खांद्यावर बाप घेऊन शंभर वर्षे वाहिले, त्यांचे अंग चोळले, मलमूत्र सोसले, तरी त्यांचे उपकार फिटत नाहीत. ते फिटतात माय-बापांना श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा यांत स्थिर केल्याने. आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत उलट घडले. माय-बापांनीच आपल्याला धम्मात आणले. तेव्हा आपल्यावरचे ऋण दुप्पट आहे, आणि ते फेडावयास त्यांचे उरलेले दिवस तेवढेच आपल्या हाती आहेत. आज घरी जाल तेव्हा बाजेजवळ जा, पाणी विचारा, आणि टाचा पाहा.

सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जय भीम!