ऐकून घेणारा पाळक

मननासाठी शास्त्रभाग: प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18, ओव्या 24 ते 28



इफिस शहरात अपुल्लोस नावाचा एक विद्वान आला. त्याचे शास्त्राचे ज्ञान दांडगे व वाणी प्रभावी होती. परंतु प्रभूच्या मार्गाची त्याची ओळख अपुरी होती. ती पुरी कोणी करून दिली? राहुट्या करून पोट भरणाऱ्या अक्विल्ला व प्रिस्किल्ला या नवराबायकोने. त्यांनी चारचौघांत त्याचा पाणउतारा केला नाही. आपल्याकडे नेऊन समजावून सांगितले. आणि त्या विद्वानाने ऐकून घेतले, यातच त्याचे मोठेपण आहे.

एकोणिसाव्या शतकात हॉलंड देशात असाच प्रकार घडला. जे पाळक पुढे त्या देशाचे मुख्य प्रधान झाले, त्या अब्राहाम काइपर यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ऐकण्याने मनुष्य कसा घडतो, आणि ऐकणे सुटले म्हणजे काय होते, ही दोन्ही त्यात दिसतात.

काइपर 1837 साली एका पाळकाच्या घरी जन्मले. लायडन येथील विद्यापीठात शिकून 1862 साली ते डॉक्टर झाले. त्या विद्यापीठात तेव्हा नव्या मतांचा पगडा होता. प्रभूचे देहासह पुनरुत्थान एका अध्यापकाने नाकारले, तेव्हा टाळ्या वाजविणाऱ्यांत आपणही होतो, असे काइपर यांनीच पुढे सांगितले. 1863 साली ते बेस्ड नावाच्या खेड्यातील मंडळीचे पाळक झाले.

त्या खेड्यात जुन्या विश्वासाला चिकटून राहिलेली काही साधी माणसे होती. त्यांत पिएत्रोनेला बाल्टुस नावाची तिशी ओलांडलेली एक अविवाहित स्त्री होती. नव्या मतांचा उपदेश ऐकण्यास ती येत नसे. आणि पाळक भेटीस गेले तेव्हा तिने आपले मन लपविले नाही. डॉक्टर झालेल्या पंडिताला एका खेडवळ बाईने असे सांगावे! काइपर यांना राग धरून बसता आले असते. पण ते त्या माणसांकडे पुन्हा गेले, आणि हळूहळू बोलण्यापेक्षा ऐकू लागले. जी खात्री विद्यापीठात मिळाली नव्हती ती त्यांना झोपडीत दिसली. ती स्त्री 1914 साली वारली, तेव्हा म्हाताऱ्या काइपर यांनी आपल्या वर्तमानपत्रात तिची कृतज्ञतेने आठवण केली.

या ऐकण्याचे फळ सगळ्या देशाने पाहिले. काइपर यांनी साध्या, कष्टकरी, विश्वासू माणसांना ‘लहान लोक’ असे प्रेमाने म्हटले व त्यांची बाजू घेतली. 1872 साली त्यांनी एक दैनिक सुरू केले. 1874 साली ते कायदेमंडळात निवडून गेले. 1878 साली सरकारने शाळांविषयी असा कायदा केला की, ज्या शाळांत पवित्र शास्त्र शिकवीत, त्यांचा खर्च तर वाढला, पण सरकारी मदत मुळीच नाही. तेव्हा तीन लाखांहून अधिक प्रॉटेस्टंट लोकांनी राजाकडे केलेल्या अर्जावर सह्या केल्या. राजाने तरीही कायद्यावर सही केली. लोक खचले नाहीत. पदरमोड करून त्यांनी आपल्या शाळा चालविल्या. 1879 साली काइपर यांनी आपला राजकीय पक्ष उभारला, आणि 1880 साली सरकार व चर्च या दोहोंच्याही ताब्याबाहेरचे स्वतंत्र विद्यापीठ आम्स्टरडाम येथे उघडले. 1891 साली एका ख्रिस्ती परिषदेत त्यांनी निक्षून सांगितले की, गरिबाला भीक घालून ख्रिस्ती माणसाचे काम संपत नाही; ज्या समाजरचनेत तो चिरडला जातो तिचाही विचार केला पाहिजे.

1901 साली ते मुख्य प्रधान झाले. आता दुसरी बाजू सांगणे प्राप्त आहे. 1903 साली आगगाडीच्या कामगारांनी संप केला. काइपर यांनी त्यांच्या स्थितीची चौकशी करण्याचे ठरविले खरे. पण त्याबरोबरच रेल्वेच्या व सरकारी नोकरांनी संप करणे हा गुन्हा ठरविणारा कायदाही केला. त्याविरुद्ध पुकारलेला संप मोडला, आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. देशाचे दळणवळण बंद पडू देता येत नाही, असे प्रधान म्हणत; परंतु कामावरून निघालेल्या मजुराच्या चुलीपर्यंत ते उत्तर पोचले नाही. तोही लहान लोकांपैकीच नव्हता काय? 1905 च्या निवडणुकीत सत्ता गेली. 1917 साली धार्मिक शाळांना सरकारी शाळांच्या बरोबरीने मदत देण्याचे राज्यघटनेत ठरले. तेव्हा काइपर सत्तेवर नव्हते. 1920 साली त्यांनी देह ठेवला.

प्रियहो, या चरित्राचा न्याय करण्यास आम्ही बसलो नाही. न्याय करणारा प्रभू आहे. आम्हांस आपल्याच मंडळीकडे पाहावयाचे आहे. जो उपदेशक गुडघ्याला गुडघा लावून एका गरीब घरात शिकला, तोच प्रधान झाल्यावर दुसऱ्या गरीब घराच्या दाराशी थांबला नाही. खुर्ची उंच झाली की जमिनीवर बसलेल्याचा आवाज कमी ऐकू येतो. ही गोष्ट राज्यात घडते तशी मंडळीतही घडते.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावच्या उपासनेत दाराजवळ एखादी म्हातारी बसत असेल. तिला अक्षर येत नाही. पण दुष्काळात, आजारात, सोयऱ्यांनी वाळीत टाकले तेव्हाही तिने प्रभूला सोडले नाही. उपासना संपल्यावर ती काही विचारते, तेव्हा तुम्ही सायकलीकडे वळता की तिच्याजवळ बसता? आणि मंडळीतील वडिलांनो, मजुरीचा किंवा बांधाचा तंटा तुमच्यापुढे आला असता प्रथम कोणाचे ऐकता, घोंगडीवर बसलेल्याचे की उंबऱ्यापाशी उभ्या राहिलेल्याचे?

आणि ज्या भगिनी म्हणतात, आम्हांला काय कळते, त्यांना आमची विनंती आहे की प्रिस्किल्लेला आठवा. पाळकाचे चुकले असे वाटले तर विहिरीवर कुजबुजू नका; घरी बोलवा, भाकरी वाढा, आणि खरे ते प्रेमाने सांगा.

प्रभू आपल्या सेवकांना बोलण्यास जीभ देतो, तसाच शेवटच्या दिवसापर्यंत ऐकणारा कानही देवो. आमेन.