बांधावरचा भांबुर्डा

कर्जतहून खोपोलीकडे निघालं की रस्त्याच्या आत एक फार्महाऊस आहे. तिथल्या शेठनी नाताळच्या आदल्या रात्रीचा बेत ठरवला: अर्धं जेवण इटलीचं, अर्धं मेक्सिकोचं. आचारी मिळाला वसईचा. जन्म बोटीवर रांधण्यात गेलेला, त्यामुळे देशोदेशीच्या खलाशांची पोटं ओळखणारा. सगळे त्याला मामा म्हणत.

मामाने यादी सांगितली. मक्याच्या सालात पीठ गुंडाळून वाफवलेले तमालेस, म्हणजे आपल्या पानग्यांचे चुलतभाऊच. नेपल्सकडची वाम, कारण तिकडे त्या रात्री मटणाला शिवत नाहीत, मासळीवर भागवतात. आणि रोमेरितोस.

"हे आणखी काय?"

"पाला आहे शेठ. मेक्सिकोत शेतात आपसूक उगवायचा. मोले म्हणतात त्या मिरच्यांच्या दाट रश्शात शिजवतात, सुक्या कोळंबीच्या वड्या सोडून. नाताळाला तो हवाच."

"मागवा. पैशाकडे बघू नका."

मुंबईत चार ठिकाणी विचारलं, मिळाला नाही. मामा मुकाट्याने पालक निवडायला बसला.

त्याच आठवड्यात बांध साफ झाला. गुडघाभर भांबुर्डा माजला होता. त्याला नुसता हात लागला तरी उग्र वास बोटांना चिकटून राहतो. माळ्याची बायको, वाडीवरची ठाकरीण, म्हणाली, "शेठ, थोडा ठेवा. वालाच्या शेंगा भरत आल्यात."

"बाई, वास मारतो त्याला. पाहुणे यायचेत."

भांबुर्डा उपटून जाळला. त्या जागी लाल पानांच्या पॉइन्सेटियाच्या कुंड्या आल्या. मामा कुंड्यांकडे बघून हसला. मेक्सिकोत या झाडाला नोचेबुएनाच म्हणतात, म्हणजे नाताळची आदली रात्र. आणि मुळात तेही तिकडचं रानातलंच. पण शेठना सांगून उपयोग नव्हता. कुंड्यांचे पैसे देऊन झाले होते.

चोवीस तारखेला पुण्याचे पाहुणे बोरघाटात अडकले, ते आंबून रात्री नऊला पोचले. टेबलं मांडलेली, प्रत्येक भांड्यापुढे नावाची पाटी. मंडळींनी फोटो काढले, थोडं थोडं वाढून घेतलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून धूर आला, त्यामागून भाजल्या शेंगांचा वास. पोरं पळाली. मग आया त्यांना आणायला गेल्या, त्याही परतल्या नाहीत.

शेठ गेले तर शेतात मडकं उपडं घातलेलं, भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. हंगामातली पहिली पोपटी. ठाकरणीने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. चर्र आवाज झाला, थेंब जागच्या जागी उडाले. "झाली," ती म्हणाली. काठीने मडकं ओढून काढलं, तोंडात कोंबलेला पाला उपसला आणि शेंगा, बटाटे, अंडी कागदावर ओतली. आत पाण्याचा थेंब घातला नव्हता. नुसतं मीठ, ओवा आणि पाल्याची वाफ. ज्या बाईंना तमालेस कोरडे लागले होते, त्या मातीत मांडी घालून शेंगा सोलत होत्या.

"हा पाला कोणता?" एका पाहुण्याने विचारलं.

"भांबुर्डा," ठाकरीण म्हणाली. "त्याबिगर पोपटी नाय होत."

शेठ खाली वाकले. करपलेला पाला हातात घेऊन त्यांनी हुंगला. "आपल्याच बांधावरचा?"

"तो तुम्ही जाळलात ना. खालापूरला भाऊ हाये, त्याच्या शेतातून आणलाय. सकाळच्या यष्टीनं गेल्ते."

मागे मामा येऊन उभा होता. तो काही बोलला नाही; फक्त पालकाची पातेली कुठे ठेवू, एवढंच त्याने विचारलं.

शेठनी खिशात हात घातला. "बाई, आणखी एक मडकं लावा. किती होतील?"

"इकायची नाय," ती म्हणाली आणि सरकून कागदाशी जागा केली. "बसा."