संधी : भीक की ऋण?

राखीव खेळाडूस पुढील मोसमात अधिक वाव द्यावा काय, हा प्रश्न महागावासारख्या तालुक्याच्या गावी शाळेचा संघ निवडणाऱ्या शिक्षकापासून राष्ट्रीय निवड समितीपर्यंत सर्वांसच पडतो. होतकरूस पुढे आणावे तर कसलेल्यावर अन्याय होतो, हा आक्षेप पोकळ नव्हे. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले, तरी भारताकडून खेळण्याचा योग त्यांस आला नाही. परंतु बिशनसिंग बेदींस वगळून त्यांस घ्यावयाचे होते, असे तरी कोणी छातीठोकपणे म्हणावे?

तथापि अजिंक्य रहाणे यांचे उदाहरण पाहावे. २०११ पासून ते कसोटी संघाबरोबर हिंडले; प्रत्यक्ष खेळावयास मिळाले ते २०१३ च्या मार्चमध्ये, दिल्लीस. धावा झाल्या सात आणि एक. तेवढ्यावरच निवाडा झाला असता, तर २०१४ चे लॉर्ड्सवरील शतक आपणांस दिसले नसते. दीर्घ प्रतीक्षेने अंगी मुरलेला संकोच एका सामन्यात झडत नाही.

म्हणून आमच्या मते संघातील जागा हे कोणाचेच ऋण नव्हे. न्याय्य परीक्षा मात्र निःसंशय ऋण होय. ती चुकण्याच्या मुभेसह द्यावी. एरव्ही दिलेली संधी म्हणजे भीकच. आणि तीही हात आखडून घातलेली.